गिरणी ओंडक्यापाशी जाते

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन थडकले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली ह्या बाजूच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी तर आडव्या झाल्याच. पण आजोबा-पणजोबांच्या हातचे आंबे-फणसही मुळासकट उलथले. वादळ काही तासांत निघून गेले. झाडे मात्र पडली तिथेच राहिली.

असा एखादा जुना फणस डोळ्यांसमोर आणा. बुंध्याचा घेर आठ फूट आणि सरळ लांबी दहा फूट. शिक्षकमंडळींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. घेर आठ फूट म्हणजे व्यास अडीच फुटांहून थोडा अधिक. एवढ्या बुंध्यात सुमारे ५१ घनफूट लाकूड भरते. ओले लाकूड घनफुटाला २५ किलो धरले, तरी वजन सव्वा टनाच्या पुढे जाते. एवढा ओंडका वाडीतून बाहेर काढायचा कसा? गाडीरस्ता नाही, मध्ये बांध आणि पाट, आणि वर जून महिन्याचा चिखल. मग मालकापुढे दोनच वाटा उरतात. एक, कुऱ्हाड लावून जळणाचे तुकडे करायचे. दुसरी, व्यापारी देईल तो भाव घेऊन मोकळे व्हायचे. ज्या लाकडाची दारे, देव्हारे, तुळया झाल्या असत्या, ते चुलीत जाते, नाही तर कवडीमोलाने वखारीत जाते.

पण तिसरीही एक वाट आहे. ओंडका गिरणीकडे जात नसेल, तर गिरणीच ओंडक्यापाशी न्यायची. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया ह्या देशांत, जिथे झाडे प्रचंड आणि शेते एकमेकांपासून दूर, तिथे पुष्कळ शेतकरी आणि सुतार ही वाट चोखाळतात. आपल्याकडे जिला नुसते 'कटर' म्हणतात, त्या साखळीच्या करवतीला, म्हणजे चेनसॉला, ते एक लोखंडी चौकट जोडतात आणि पडल्या जागी ओंडक्याच्या फळ्या पाडतात. ही चौकट अनेकांनी घरीच वेल्डिंग करून तयार केलेली असते. घर बांधून झाले, गोठा उभा राहिला, की गडी ती चौकट करवतीसकट विकायला काढतो आणि दुसरा कोणी गरजू ती घेतो.

तुम्ही म्हणाल, ह्यात इतिहास तो कसला? पण ही घरगुती गिरणी उगवली कशी हे पाहू गेलो, तर माणसाने लाकूड चिरण्यासाठी केलेल्या दोन हजार वर्षांच्या खटपटीतून जावे लागते. आणि ती विकत घेताना किंवा विकताना आपल्याला काय समजले पाहिजे, हेही त्या इतिहासातच सापडते.

वरचा आणि खालचा

पहिली गोष्ट अशी की, लाकूड आडवे तोडणे आणि उभे चिरणे ही दोन वेगळी कामे आहेत. झाड आडवे तोडताना करवतीचे दात लाकडाचे तंतू तोडत जातात. उभे चिरताना मात्र त्यांना तंतूंच्या बरोबरीने लांबवर वाट काढावी लागते. दहा फुटांच्या ओंडक्यातून एक फळी काढायची, तर दहा फूट चीर न्यावी लागते, आणि तीही सरळ. म्हणून सुताराच्या पेटीत आडव्या कामाची करवत वेगळी आणि उभ्या कामाची वेगळी. हा भेद ध्यानात ठेवा; पुढे आपल्याला तो लागणार आहे.

पूर्वी हे उभे चिरण्याचे काम दोन माणसे करीत. युरोपात ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवीत. आपल्याकडे बहुधा लाकडाच्या घोडीवर तिरपा चढवीत. गेरूत भिजवलेली दोरी ताणून ओंडक्यावर सरळ रेघ उठवायची. एक गडी वर उभा, दुसरा खाली, आणि मध्ये उभी लांब करवत. वरच्याने रेघ सांभाळायची, खालच्याने ओढायचे. वरच्याची कंबर मोडे आणि खालच्याच्या डोळ्यांत, नाकात, केसांत दिवसभर भुसा पडे. दोघांची लय चुकली की करवत अडकलीच. दिवसभर राबल्यावर हातात मोजक्याच फळ्या पडत.

पण ह्याच दोन माणसांच्या जोरावर केवढी कामे उभी राहिली! मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानाची जहाजे बांधली. १८१७ साली तिथे पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज दोनशे वर्षे उलटून गेल्यावरही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. ज्यांनी त्याचे सागवान जंगलात पाडले, वाहिले आणि चिरले, त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत.

पाणी, वारा आणि पोट

माणसाच्या दंडाऐवजी पाण्याचा जोर लावावा, ही कल्पना फार जुनी आहे. आजच्या तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथे एका शवपेटीवर पाणचक्कीने चालणाऱ्या करवतीचे चित्र कोरलेले आहे. ते इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले. ती करवत दगड कापण्याची होती. चाकाचे गोल फिरणे करवतीच्या पुढे-मागे सरकण्यात बदलण्याची युक्ती मात्र तीच. तेराव्या शतकात फ्रान्समधील व्हिलार द ओनकूर ह्याच्या चित्रवहीत लाकूड चिरणारी पाणकरवत दिसते.

मग वाऱ्याची पाळी आली, आणि ती आणली एका शेतकऱ्याने. हॉलंडमधील उइटगेस्ट गावचा कोर्नेलिस कोर्नेलिसझून ह्याला १५९३ साली पवनचक्कीने लाकूड चिरण्याच्या यंत्राचा हक्कलेख मिळाला. पुढील शतकात हॉलंडच्या झान नदीकाठी अशा शेकडो चक्क्या फिरू लागल्या. तिथल्या गोद्यांत जहाजे इतक्या भराभर तयार होऊ लागली की, १६९७ साली रशियाचा सम्राट पीटर जहाजबांधणी शिकायला त्याच मुलखात येऊन राहिला.

आता ह्याची दुसरी बाजू पाहा. ॲम्स्टरडॅम शहरात हाताने करवत ओढणाऱ्यांची संघटना होती. तिने पवनचक्क्यांना विरोध केला, आणि म्हणून त्या शहराबाहेर झान नदीकाठी वाढल्या. लंडनमध्ये तर प्रकरण हातघाईवर आले. चार्ल्स डिंगली नावाच्या व्यापाऱ्याने लाइमहाउस भागात पवनचक्कीची लाकूडगिरणी उभारली होती. १० मे १७६८ रोजी करवत ओढणाऱ्या कामगारांचा जमाव तिच्यावर चालून गेला आणि त्याने तिची मोडतोड केली. गिरणी फिरली की आपली चूल विझणार, असे त्यांना दिसत होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने गिरण्या पाडणाऱ्यांसाठी कडक शिक्षेचा कायदा केला.

त्या कामगारांना अडाणी म्हणणे सोपे आहे. त्यांची भीती मात्र खरी होती. यंत्राने फळ्या स्वस्त झाल्या. पण खड्ड्यातल्या माणसाची सुटका झाली ती त्याचा रोजगार जाऊन. नवे हत्यार आले की काम कोणाचे हलके होते आणि पोट कोणाचे रिकामे होते, हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात.

गिरणीला न पेलणारे झाड

पुढे वाफ आली. गोल करवत आली. १८०८ साली इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी ह्याने पट्ट्याच्या करवतीचा हक्कलेख घेतला. परंतु पट्ट्याचा सांधा टिकेना. फ्रान्समधील आन पोलीन क्रेपँ ह्या बाईंनी १८४६ साली सांधा जोडण्याची रीत काढली, तेव्हा कुठे पट्टा कामाला आला. आज आपल्या तालुक्याच्या गावी सॉ मिलमध्ये जो पट्टा घों घों करतो, त्याचा हा वंश.

ह्या सगळ्या गिरण्यांत एक गोष्ट मात्र समान होती. गिरणी जागची हलत नसे. ओंडक्याने तिच्याकडे यायचे. म्हणून लाकडाचा धंदा हा मुळात वाहतुकीचा धंदा झाला. नदीतून तराफे सोडा, बैलांच्या जोड्या जुंपा, लोहमार्ग टाका.

ह्या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. कॅलिफोर्नियातील रेडवूड म्हणजे जगातले सर्वांत उंच झाड. तीनशे फुटांच्या वर जाणारे. बुंध्याचा व्यास दहा-पंधरा फूट. ते पाडण्यासाठी लाकूडतोडे बुंध्यात खाचा पाडून त्यांत फळ्या रोवत आणि त्यांवर उभे राहून दोघे मिळून लांब करवत ओढीत. झाड आडवे होई. पण पुढे काय? कित्येक ओंडके असे की बैलांना हलेनात आणि गिरणीच्या तोंडात मावेनात. मग त्यांत भोके पाडून दारू भरीत आणि सुरुंग लावून ते फोडीत! १८८१ साली युरेका गावच्या जॉन डॉल्बियर ह्याने ओंडके ओढणारे वाफेचे इंजिन तयार केले. त्याने ओढण्याचा प्रश्न पुष्कळसा सुटला. पण ते यंत्र मोठ्या कंपनीचे. ज्याच्या परसात एकच मोठे झाड पडले आहे, त्याला त्याचा काय उपयोग?

साखळी आणि अळी

ह्या प्रश्नाचे उत्तर शेवटी साखळीने दिले. आणि ही साखळी आली कोठून, तर वैद्याच्या पेटीतून! अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री ह्या डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी दातेरी साखळीचे लहानसे हत्यार वापरात आणले होते. १८३० च्या सुमारास जर्मन वैद्य बर्नहार्ड हाइने ह्याने मूठ फिरवून चालणारी हाडाची साखळी-करवत केली. ती एका पात्याभोवती फिरे. आजच्या चेनसॉचे रूप तिच्यात स्पष्ट दिसते.

लाकडासाठी अशी यंत्रे विसाव्या शतकात आली. जर्मनीत आंद्रेआस श्टील ह्याने १९२६ साली विजेवर चालणारी साखळी-करवत केली आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी. त्याच सुमारास, १९२७ साली, एमिल लेर्प ह्याने थुरिंगियातील डोलमार डोंगरावर आपल्या पेट्रोल-करवतीची परीक्षा घेतली. ही यंत्रे अशी अवजड की एकेक उचलायला दोन माणसे लागत. शिवाय साखळीचे दात जुन्या हातकरवतीसारखेच होते. ते तंतू ओरबाडत आणि लवकर बोथट होत. कापण्यापेक्षा कानस मारण्यातच वेळ जाई.

इथे आपल्या गोष्टीत एक कसबी माणूस येतो. जोसेफ कॉक्स हा अमेरिकेतील ऑरिगन राज्यातला लाकूडतोड्या. हातांनी काही ना काही करून पाहण्याची त्याला खोड. १९४६ साली लाकूड फोडत असताना त्याला एका ओंडक्यात भुंग्याची अळी दिसली. बोटाएवढा तो जीव. पण टणक लाकडातून उभी-आडवी कशीही वाट काढीत होता. कॉक्सने ती नीट निरखली. अळीचे दोन वाकडे जबडे डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा असे चालत होते. ती लाकूड ओरबाडत नव्हती; रंध्यासारखे छिलके काढीत होती.

पोर्टलंड शहरातील आपल्या घराच्या तळघरात बसून कॉक्सने तशाच दातांची साखळी घडवली. एक दात डावा, एक उजवा, पुढे वळलेले आणि छिलका काढणारे. नोव्हेंबर १९४७ मध्ये ती साखळी विक्रीला आली. तिच्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला. आणि आज जगात जिथे जिथे चेनसॉ चालतो, तिथे बहुतेक ठिकाणी साखळीचे दात त्याच धाटणीचे असतात. बोथट दातांचा जाच कॉक्सने रोज सोसला होता. म्हणूनच दुसऱ्या कोणाला जी अळी केवळ कीड वाटली असती, तिच्यात त्याला हत्यार दिसले. शिक्षकांनी मुलांना हे आवर्जून सांगावे. शोध लावायला प्रयोगशाळा लागतेच असे नाही. हाताला त्रास आणि डोळ्याला सवय, एवढ्यावरही तो लागतो.

घरगुती गिरणी चालते कशी

साखळी सुधारली, इंजिने हलकी झाली आणि चेनसॉ एका माणसाच्या हातात आला. मग कोणाच्या तरी मनात आले की, ही करवत आडवे तोडते, तर हिच्याकडून उभे चिरून का घेऊ नये? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियातील ग्रॅनबर्ग ह्या उत्पादकाने 'अलास्कन' नावाची चौकट बाजारात आणली. तिची रचना इतकी साधी होती की, पाहणाऱ्याने घरी जाऊन तशीच बनवावी. आणि लोकांनी तेच केले.

रचना अशी. करवतीचे पाते आडवे धरायचे आणि दोन्ही टोकांना चिमट्यांनी चौकटीत पकडायचे. चौकटीला वर दोन सपाट दांड्या. त्या ओंडक्याच्या सपाट पाठीवरून सरकतात. दांड्या आणि पाते ह्यांतले अंतर स्क्रूने कमी-जास्त करता येते. जेवढे अंतर, तेवढी फळीची जाडी. पण ओंडक्याची पाठ तर गोल! म्हणून पहिल्या चिरेच्या वेळी ओंडक्यावर एक सरळ शिडी किंवा फळी पक्की बसवतात आणि तिच्यावरून चौकट चालवतात. एकदा सपाटी मिळाली की पुढची प्रत्येक चीर आधीच्या चिरेच्या आधाराने जाते. चीर मिटून करवत अडकू नये म्हणून मागे लाकडी पाचरी मारीत जायचे. ओंडका फारच रुंद असेल, तर लांब पात्याच्या दोन्ही टोकांना दोन इंजिने लावतात आणि दोघे जण ती चालवतात. खड्ड्यातला तो खालचा गडी असा पुन्हा परत येतो, फक्त आता तो समोरच्या बाजूला उभा असतो.

मघाशी म्हटलेला भेद इथे लागू पडतो. बाजारात मिळणारी साधी साखळी आडव्या कापासाठी असते. तिच्या दातांना सुमारे तीस अंशांची तिरकी धार असते. उभे चिरायला दहा अंशांच्या आसपासची, म्हणजे जवळजवळ सरळ धार लागते. साध्या साखळीने चिरू गेलात, तर फळी खरबरीत होते, काम रेंगाळते आणि इंजिन तापते.

तोटाही समजून घ्या. साखळीची चीर जाड असते, सुमारे तीन अष्टमांश इंच. एक इंच जाडीची फळी काढली की तिच्यामागे तीन अष्टमांश इंच लाकडाचा भुसा होतो. म्हणजे अकरा भागांतले तीन भाग, शेकडा सत्तावीस लाकूड जमिनीवर! पट्ट्याच्या करवतीची चीर एक सोळांश इंच धरली, तर तिथे नासाडी शेकडा सहा. उलट, साखळीनेच तीन इंच जाडीचे पाट किंवा तुळया काढल्या, तर नासाडी शेकडा अकरावर येते. तात्पर्य, पातळ फळ्यांचे काम पट्ट्याचे. जाड तुळया, दाराच्या चौकटी, ओट्याचे पाट हे काम ह्या घरगुती गिरणीचे. जो ओंडका हलतच नाही, त्याचे चार जाड तुकडे करून माणसांच्या खांद्यावरून बाहेर काढायचे, हा तिचा सर्वांत मोठा उपयोग.

विकणारा आणि घेणारा

आता विक्रीकडे वळू. कारखान्याच्या मालाबरोबर माहितीपुस्तक येते. घरी बनवलेल्या हत्याराचे पुस्तक म्हणजे ते बनवणारा माणूस. तेव्हा घेणाऱ्याने लाजू नये; बैल घेताना दात मोजतो, तसे सगळे विचारून घ्यावे.

पात्याची लांबी किती? लक्षात ठेवा, ३६ इंचांच्या पात्याने ३६ इंच रुंद चीर मिळत नाही. दोन्हीकडचे चिमटे काही इंच खातात. आपला तो फणस साडेतीस इंचांचा, म्हणजे त्याला ३६ इंचांचे पाते जेमतेम पुरेल. इंजिन किती घनसेंटिमीटरचे? एवढ्या रुंदीला नव्वद किंवा त्याहून मोठे लागते. झाडाच्या फांद्या छाटणारे लहान कटर ह्या कामाला जुंपणे म्हणजे वासराला मोटेला जुंपणे. साखळी उभ्या चिरेची आहे का? चौकटीचे कोन गुण्याला लागतात का? वेल्डिंगला तडा नाही ना? आणि शेवटचे म्हणजे, 'एक चीर आमच्यासमोर काढून दाखवा.'

विकणाऱ्यानेही आपण होऊन सांगायच्या गोष्टी आहेत. ही करवत उसळून अंगावर येऊ शकते. तिचा आवाज कानाला बाधक आहे. कानांवर झापडे, डोळ्यांना चष्मा, पायांत जाड बूट लागतातच. चिरताना माणूस वाकून तास न् तास इंजिनाच्या धुराजवळ असतो, म्हणून वारा पाहून उभे राहायचे आणि बंद जागेत ती मुळीच चालवायची नाही. जुन्या झाडात खिळे, तारा, क्वचित घोड्याचा नालही निघतो. साखळीचा दात त्याच्यावर बसला की सगळी धार गेली. हे न सांगता नुसती चौकट विकली, तर व्यवहार अर्धाच झाला, आणि राहिलेल्या अर्ध्याची किंमत घेणाऱ्याचे बोट किंवा डोळा देऊन चुकती होते.

एकट्याच्या हातातले बळ

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जी गिरणी पडलेल्या झाडापाशी जाते, ती उभ्या झाडापाशीही जाते. रात्री जंगलात शिरावे, झाड पाडावे, जागेवरच चिरावे आणि पहाटेपूर्वी फळ्या घेऊन निघावे, हेही तिने सोपे केले. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाने १९९८ च्या नियमांनी चेनसॉने विक्रीसाठी फळ्या पाडण्यावर बंदी आणली. तरीही देशातल्या बाजारात खपणाऱ्या लाकडाचा मोठा भाग बंदीनंतरही त्याच मार्गाने येत राहिला. कारण खेड्यातल्या पुष्कळांची चूल त्यावर होती आणि बाजाराला स्वस्त लाकूड हवे होते. उलट दक्षिण अमेरिकेतील गयाना देशात हेच काम परवाने आणि नोंदी ठेवून कायदेशीरपणे चालते. हत्यार एकच, एका ठिकाणी ते चोरट्याचे झाले, दुसऱ्या ठिकाणी कारागिराचे.

आपल्याकडेही ह्या बाबतीत मोकळे रान नाही. खाजगी जमिनीवरची झाडे तोडण्यासाठी महाराष्ट्रात १९६४ सालचा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर देशभर वनांवर आणि लाकूडगिरण्यांवर कडक नजर आली. त्यामुळे झाड आपले आहे, करवत आपली आहे, एवढ्यावर भागत नाही. तोडण्यापूर्वी, चिरण्यापूर्वी आणि लाकूड गावाबाहेर नेण्यापूर्वी वन खात्याच्या कचेरीत जाऊन विचारावे. वादळात पडलेल्या झाडाचा पंचनामा करून घ्यावा. एक हेलपाटा पडेल, पण पुढचा घोर वाचेल.

श्रोतेहो, घोडीवरच्या त्या दोन माणसांकडे पुन्हा एकदा पाहा. वरचा रेघ सांभाळी, खालचा ओढी; एक चुकला तर दुसरा ओरडून सांगे. मग गिरणी आली. तिथे मालक, कारागीर, हमाल, तपासनीस अशी कितीतरी माणसे होती. आता ते सगळे काम एका माणसाच्या हातात आले आहे. त्या सगळ्यांचे श्रम वाचले, हे खरे. पण रेघ सांभाळणे, धोका ओळखणे, कोणते झाड चिरावे आणि कोणते राखावे हे ठरवणे, हेही त्या एकाच माणसावर येऊन पडले आहे. अशी गिरणी विकणाऱ्याने चौकटीबरोबर ही जबाबदारीही समजावून द्यावी, आणि घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी ती समजून घ्यावी.

आणि मग वाडीत पडलेला तो फणस चुलीत जाणार नाही. त्याच्या जाड तुळया निघतील, एक दार होईल, उरल्या तुकड्यात घरचा देव्हारा होईल. मात्र जिथून तो उपटला, त्या खळग्यात पहिल्या पावसात एक नवे रोप लावायला विसरू नका. पणजोबांनी ते आपल्यासाठी लावले होते.